पणजीत सायकल भाड्याने घेऊन दिवाडी-चोडण: कसे फिरावे?

सुरंगी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि तेरा वर्षांची लेक असे तिघे चार दिवस पणजीला येतोय. पनवेलहून गाडी पकडून करमळीला उतरणार, राहायला पणजीतल्या मळा भागात खोली मिळाली आहे.

याआधी दोनदा गोव्याला आलो, दोन्ही वेळा स्कूटर घेतल्या. एका दिवसात चार किनारे आणि दोन किल्ले उरकले. घरी आल्यावर लेकीला विचारले, काय आठवतंय? म्हणाली, "पुढे बसलेल्या बाबाचं हेल्मेट." ते मला फार लागले. म्हणून या वेळी स्कूटर नको, सायकली भाड्याने घ्यायच्या, पणजी शहर आणि मांडवीतली बेटे हळूहळू बघायची असे मनात आहे. लेक सायकल बरी चालवते, पण गर्दीच्या रस्त्याची सवय नाही.

पणजीत धड सायकली मिळतात का? फेरीबोटीत सायकल घेतात का? बेटांवर रहदारी कितपत असते? ज्यांनी खरेच केले आहे त्यांनी सांगावे. नुसते नकाशे बघून माझा जीव घाबरलाय.

मळेकार | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सुरंगीताई, मळ्यात राहताय म्हणजे अर्धे काम झाले. माझा जन्म तिथलाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फेरीबोट. पायी माणसाला आणि सायकलला तिकीट नाही. रॅम्प खाली आला की आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, मग सायकल हातात धरून चढा, चालवत नको. लोखंडी रॅम्प ओला असतो, त्यावर शेवाळही असते. आत गेलात की कडेला कठड्याला टेकवून उभे राहा आणि हात सायकलवरून काढू नका.

पहिल्या दिवशी बेटावर जाऊ नका. पणजीतच फिरा. सकाळी सातच्या आत मळ्यातून निघून फोंताईन्हासच्या गल्ल्यांतून जा. त्या वेळी गल्लीत फक्त पोदेर, म्हणजे पाववाला, असतो. त्याच्या सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळे प्लॅस्टिक, हाताशी रबरी भोंगा. त्याच्याकडून गरम पोळी घ्या (तुमची गव्हाची पोळी नव्हे, आमचा कोंड्याचा पाव). मग जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या वाड्याच्या, समोरून नदी उजव्या हाताला ठेवून कांपाल, तिथून मिरामार. सगळा रस्ता सपाट आहे. मिरामारच्या वाळूत मात्र सायकल घालू नका, खारी वाळू चेनमध्ये शिरली की दोन दिवसांत गंज धरतो. आल्तिनोचा चढ लेकीकडून पहिल्या दिवशी करून घेऊ नका. नऊनंतर १८ जून रस्त्यावर जाऊच नका.

दुसऱ्या दिवशी रायबंदर. पाटोवरून पलीकडे गेलात की जुना सेतू लागतो. १६३३-३४ मध्ये लिन्हारिसचा काउंट व्हाइसरॉय असताना बांधलेला, तीन किलोमीटरहून थोडा लांब. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खारफुटी. आजही बस त्याच्यावरूनच जातात, आणि रस्ता अरुंद आहे. लेकीला मध्ये ठेवा, तुम्ही पुढे, नवरा मागे. सकाळी साडेसातच्या आत ओलांडलात तर शांत मिळतो. कदंब पठारावरून जुन्या गोव्याला जाणारा मोठा रस्ता नकाशात रुंद आणि सोपा दिसेल, पण तिथे चढ आहे आणि गाड्या सुसाट असतात. त्याच्या नादी लागू नका.

चेनकव्हर | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४८

मी पुण्याचा, रोज सायकल चालवतो. दोनदा पणजी-दिवाडी केले आहे. रस्त्याचे मळेकारांनी सांगितलेच, मी सायकलबद्दल सांगतो. भाड्याच्या सायकलीनेच दिवस चांगला जातो किंवा वाया जातो.

मागच्या जानेवारीत पणजीत एका दुकानातून गिअरची सायकल घेतली. दिसायला नवी, रंग चकचकीत. दिवाडीत पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चला चढून गेलो. वरून नदी, जुन्या गोव्याचे मनोरे आणि बेटावरून जाणारी कोकण रेल्वेची गाडी, सगळे एका नजरेत दिसते. उतरताना मागचा ब्रेक दाबला तर खर्रकन् आवाज. ब्रेक शूचे रबर संपून आतले लोखंड रिमला घासत होते. पुढचा ब्रेक जपून वापरत, पाय जमिनीला लावत कसाबसा खाली आलो. संध्याकाळी सायकल परत केली तर रिमवरचा ओरखडा माझ्या माथी मारून डिपॉझिटमधले पैसे कापले. माझ्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता, काय बोलणार?

तेव्हापासून दुकानातून निघायच्या आधी दहा मिनिटे देतो. सायकल उचलून पुढचे चाक फिरवायचे. हलते का, रिम वाकडी आहे का ते कळते. मग मागचे. ब्रेक शूवरच्या खाचा बोटाने चाचपायच्या, खाचा नसतील तर शू संपले. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, चाक फिरता कामा नये. टायर अंगठ्याने दाबून हवा बघायची. गिअर सगळे एकदा टाकून बघायचे, विशेषतः सर्वांत हलका, कारण चढावर तोच लागतो. आणि सगळ्या बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ, दुकानदारासमोर.

तेरा वर्षांच्या मुलीसाठी सीटची उंची फार महत्त्वाची. पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. दुकानात मोठ्यांच्याच सायकली असतात आणि "चालेल हो" म्हणून देतात. चालत नाही. लेकीला दुकानापुढे दोन फेऱ्या मारायला लावा, तिचे तिलाच कळेल. पंप, जादा ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर मागून घ्या. दिवाडीत दर वळणावर पंक्चरवाला नाही.

घाटमाथा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मी स्कूटरच्या बाजूने दोन शब्द सांगतो, कारण सगळ्यांना सायकल झेपत नाही. माझ्या आईचे गुडघे गेलेत, तरी तिला दिवाडी दाखवायची होती. स्कूटर फेरीत घातली, तासाभरात आई पिएदादच्या चर्चपाशी बसून नदी बघत होती. सायकलने हे झाले नसते.

स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या, भाड्याने द्यायची परवानगी त्याच गाड्यांना असते. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात, पण पोलिसांनी अडवले की भुर्दंड तुम्हाला. परवाना मूळ आणि हेल्मेट दोघांनाही.

सुरंगी | १० नोव्हेंबर, दुपारी २:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. चेनकव्हर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, त्याने लगेच यादी करून पाकिटात ठेवली. घाटमाथा, आईंना तुम्ही घेऊन गेलात हे वाचून बरे वाटले. आमची आई पुढच्या वेळी येईल तेव्हा तसेच करू.

एक प्रश्न. दिवाडीत मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटांनी सायकल घालता येते का?

मातीवाट | १० नोव्हेंबर, दुपारी ४:०२

येते की! बेटाच्या कडेने शेतांच्या बांधांवरून अप्रतिम ट्रेल आहे. एका हाताला खारफुटी, दुसऱ्या हाताला शेत, मधून हातभर रुंद मातीची वाट. आम्ही सहा जण ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. पाऊस नुकताच पडून गेला होता, चिखलात मजा आली. जरूर करा.

बांधावरची | १० नोव्हेंबर, रात्री ९:२०

मातीवाट, तुम्ही मनात वाईट ठेवून केले नाही हे कळते. पण माझे माहेर दिवाडीचे आहे आणि हे वाचून मला राहवले नाही.

ज्याला तुम्ही ट्रेल म्हणता तो आमचा खाजनाचा बांध आहे. खाजन म्हणजे समुद्रसपाटीच्या खालची, खाडीकडून मिळवलेली जमीन. बांधाच्या एका बाजूला मांडवीचे खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूला आमचे शेत, त्यातही खालच्या अंगाला. मध्ये फक्त ती माती. पिढ्यानपिढ्या हातांनी घातलेली, दर वर्षी डागडुजी केलेली. खेकडे त्यात बिळे करतात, बार्जच्या लाटा बाहेरून माती खातात. ओल्या बांधावरून सहा सायकली गेल्या की चाकांच्या चाकोऱ्या पडतात, चाकोरीत पाणी साचते, तिथून माती सुटते. एका भरतीला बांध फुटला तर शेतात खारे पाणी शिरते आणि मग दोन-तीन वर्षे तिथे धड भात येत नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाडीचा बांध रात्री फुटला होता. बाबा, काका आणि शेजारचे सगळे कंबरभर पाण्यात उभे राहून पहाटेपर्यंत पेंढा आणि चिखल टाकत होते. आई कंदील धरून उभी होती. ती रात्र मी विसरलेले नाही.

सुरंगीताई, बांध बघायला जरूर या. सायकल डांबरी रस्त्याच्या कडेला लावा आणि पायी, एकामागे एक, कोरड्या दिवसात चाला. डिसेंबरात कापणी झालेली असते, माती घट्ट असते, कोणी अडवणार नाही. शेतात कोणी असेल तर आधी विचारा, एवढेच. आणि लेकीला मानस दाखवा. मानस म्हणजे बांधातले दार. लाकडी फळ्या अशा टांगलेल्या असतात की भरतीचे पाणी बाहेरून दाबले की दार आपोआप बंद होते, ओहोटीला आतले पाणी ढकलते आणि दार उघडते. माणसाने हात लावायची गरज नाही. ओहोटीला तिथेच जाळे लावून मासे आणि सुंगटे (कोळंबी) धरतात. भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर बघून ठेवा, ओहोटी लागताना तिथे उभ्या राहिलात तर दार उघडताना दिसेल.

मातीवाट | १० नोव्हेंबर, रात्री १०:४१

बांधावरची, मला हे खरेच माहीत नव्हते. ती वाट म्हणजे कोणाचे तरी शेत राखणारी भिंत आहे हे लक्षात आले असते तर चाक घातले नसते. माझा वरचा सल्ला मागे घेतो. आमच्या सहा जणांच्या गटातही तुमचा प्रतिसाद पाठवला आहे.

रातवा | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

चोडण राहिले, म्हणून लिहितो. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणची फेरी मिळते. उतरल्यावर अगदी जवळ सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ मध्ये जाहीर झालेले, पावणेदोन चौरस किलोमीटरचे, जवळजवळ सगळी खारफुटी. सायकल बाहेर लावून आत पायी जा. ओहोटीच्या वेळी गेलात तर चिखलावर उड्या मारणारे निवटे दिसतील. डोळे डोक्याच्या वर, पुढचे पर हातांसारखे टेकत चालणारा मासा. लेक तिथून हलणार नाही, वेळ हाताशी ठेवा. खंड्याच्या चार जाती मी एका सकाळी तिथे पाहिल्या आहेत.

चेनकव्हर | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

चोडण आणि दिवाडी जोडून एक मोठा फेरा होतो. रायबंदरहून दिवाडी, बेट ओलांडून वरच्या टोकाला नार्वेची फेरी, नार्वे, मग मये, तिथून पुलावरून चोडण, आणि चोडणहून फेरीने परत रायबंदर. मला चाळीस किलोमीटरच्या आसपास पडले. मयेच्या बाजूला चढउतार आहेत. ऊन चढायच्या आत चोडण गाठले पाहिजे.

मळेकार | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

तो फेरा लेकीबरोबर एका दिवसात करू नका, दोन दिवसांत वाटून घ्या. पण नार्व्याला मात्र जाच. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवर होते, कदंबांचे आराध्य दैवत. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावर तसा शिलालेख आहे. दिवाडीवर जुन्या जागी तीर्थाची तळी अजून आहे. आधी तळी बघून मग त्याच फेरीने नदी ओलांडून देवळात गेलात तर देव कुठून कुठे गेला ते तुमच्या चाकांनीच समजेल.

सुरंगी | १८ डिसेंबर, रात्री ९:५०

परत आलो. उशीर झाला, पण या धाग्याचे ऋण आहे, म्हणून नीट लिहिते.

सायकली पणजीतच मिळाल्या. पहिल्या दुकानात लेकीसाठी आणलेली सायकल तिला मोठी होती, पाय टेकत नव्हते. दुकानदार "मॅडम, सवय होईल" म्हणत राहिले. आम्ही नम्रपणे नको म्हटले. दुसऱ्या ठिकाणी बारीक चाकांची पण बरोबर उंचीची सायकल मिळाली. नवऱ्याने पाकिटातली यादी काढून एकेक बघितले. माझ्या सायकलच्या मागच्या ब्रेक शूला खाचाच नव्हत्या. त्यांनी कुरकुर न करता तिथेच नवे शू बसवून दिले. चेनकव्हर, तुमच्यामुळे.

पहिल्या दिवशी मळा, फोंताईन्हास, कांपाल, मिरामार. पोदेर दादांनी लेकीला भोंगा वाजवू दिला. दिवसभर तिच्या तोंडी तेच होते.

दुसऱ्या दिवशी सेतू पावणेसातला ओलांडला. धुके होते, नदी दिसत नव्हती, फक्त बोटींचा आवाज. एक बस आमच्या फार जवळून गेली तेव्हा माझे हात गार पडले. मळेकारांनी सांगितल्याप्रमाणे लेक मध्ये होती. ज्यांच्याबरोबर लहान मूल असेल त्यांनी हा तुकडा उजाडताच करावा, किंवा सायकली टेम्पोत घालून रायबंदरला न्याव्यात, असे मला स्पष्ट वाटते.

फेरीतून दिवाडीवर उतरलो आणि रस्ताच बदलला. सरळ, दोन्ही बाजूंना कापलेली शेते, बगळे, आणि दहा मिनिटांत एक स्कूटर. लेक पहिल्यांदा आमच्या पुढे गेली. मी तिला मागे बोलावले नाही.

बांधावर पायीच गेलो. शेतात एक आजी कुळथाच्या वेलांना पाणी घालत होत्या, त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "यो गो बाय", आणि स्वतः मानस दाखवायला आल्या. ओहोटी साडेदहाला लागणार होती. आम्ही पंचवीस मिनिटे बसून राहिलो. आधी फळीच्या कडेने पाण्याची बारीक रेघ आली. मग फळी बोटभर हलली, थांबली, परत हलली, आणि शेतातले पाणी एकदम धारेने बाहेर पडायला लागले. लेक पालथी पडून, हनुवटी दगडावर टेकवून ते बघत होती. आजींनी तिला सांगितले की हे दार त्यांच्या सासऱ्यांनी बसवले, फळ्या मात्र त्यानंतर दोनदा बदलल्या.

तिसऱ्या दिवशी तळी, नार्व्याची फेरी आणि सप्तकोटेश्वर. चौथ्या दिवशी फक्त चोडण. निवट्यांपाशी पाऊण तास गेला. रातवा, खंड्या आम्हाला दोनच जातींचे ओळखता आले. मयेचा चढ सोडून दिला.

एक अडचण आली ती सांगते. दिवाडीत नवऱ्याच्या मागच्या चाकाला काटा लागला. पंप होता, जादा ट्यूब होती, पण ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड निघाला, रिमच्या भोकात जाईना. शेवटी जुन्या ट्यूबलाच एका घरातून मागून ठिगळ लावले. तर यादीत भर घाला: जादा ट्यूब त्याच सायकलची आहे ना, हे दुकानातच बघा.

बांधावरची, एक विचारायचे होते. लेकीला शेतात भात उभे असताना मानस बघायचे आहे. ऑगस्टमध्ये फेऱ्या चालू असतात ना?

बांधावरची | १८ डिसेंबर, रात्री ११:०२

वाचताना डोळे भरून आले. त्या आजी बहुधा कोण ते मी ओळखले. उद्या वहिनीला फोन करून विचारते.

ऑगस्टमध्ये फेऱ्या चालू असतात, पाऊस फार झाला तर थोडा वेळ थांबतात. तेव्हा बांध ओला असतो, त्यामुळे वर चढायचे नाही, रस्त्यावरूनच बघायचे. आमच्या घरापासून शंभर पावलांवर रस्त्याला लागूनच एक मानस आहे, ते दाखवीन. चौथ्या शनिवारी बोंदेरां, म्हणजे दिवाडीचा झेंड्यांचा उत्सव, असते. त्या दिवशी येणार असाल तर सायकली पणजीतच ठेवा, फेरीवर पाय ठेवायला जागा नसते. आणि लेकीच्या मापाचे गमबूट आणा, आमच्याकडे सगळे मोठ्यांचेच आहेत.